एकोणीस नंबरचा पाना

अप्पा, शेडमधलं फडकं आज सकाळी पुन्हा ओलं होतं. तुमच्या जुन्या वेष्टीचा, त्या पांढऱ्या धोतराचा तुकडा नव्हे, तो विरला म्हणून मागच्या वर्षी मीच दुसरा टांगला. पण रेघ तीच. करंगळीएवढी रुंद, वीतभर लांब, मधाच्या रंगाची. इंजिनातली ऑइल मोजायची काठी फडक्यात धरून एकदाच ओढली की उमटते, अगदी तशी. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, दरवर्षी ती तिथे असते. दारात कोलमची रांगोळी काढताना मला मागून आवाज येतो, लोखंडी नळीतून काठी सरसरत वर आल्याचा. एकदाच येतो. मग मी पिठाची वाटी खाली ठेवते, शेडचं कुलूप काढते, रेघ बघते आणि परत येऊन कोलम पुरा करते. पंचवीसएक वर्षांत माणसाला कशाचीही सवय होते. आई होती तोवर मला वाटायचं, आईच करते. तिला जाऊन पाच वर्षं झाली, आणि शेडची किल्ली तेव्हापासून माझ्या कमरेला असते.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे घरात कुणाला वाचता येणार नाही. तुमच्या नातीला आपलं बोलणं समजतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते, आणि ही अक्षरं तिला डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी दिसतात. मला ती तुम्ही शिकवलीत, दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या बॉनेटवरच्या धुळीत, काळ्या बोटाने. अक्षर चुकलं की धूळ पुसायची आणि पुढच्या गाडीकडे जायचं. तंजावुरात मराठी शिकलेली मुलगी तशी दुर्मीळ, पण गॅरेजात शिकलेली बहुधा मी एकटीच असेन.

त्याच बॉनेटखाली दुसरंही शिक्षण चाललं होतं. ऑइल बदलायचं तर इंजिन कोमट असताना; गार ऑइल घाण तळाशी ठेवूनच बाहेर येतं. ऑइल सोडायच्या तळाच्या बोल्टला तांब्याचा नवा वॉशर. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की जिथे असू तिथे इंजिन बंद, देऊळ दोन पावलांवर असलं तरी. आणि काठी. "पैल्यांदा ओढली की ती लबाड बोलते," तुम्ही म्हणायचात, "वर-खाली अस्कं सगळं माखलेलं असतं. पूस, परत घाल, मग विचार. दुसऱ्यांदा खरं सांगते." दुसऱ्यांदा ओढलेली काठी तुम्ही आडवी धरून उजेडात न्यायचात आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल कुठवर आहे ते श्वास रोखून बघायचात. तुमच्या मागे उभी राहून मीही श्वास रोखायची.

आणि आयुधपूजेचा तो नियम. पाने, पक्कड, जॅक, नरसाळं सुद्धा धुऊन केळीच्या पानावर मांडायचं, प्रत्येकाला चंदन आणि कुंकू, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "आज ती झोपलीत," तुम्ही सांगायचात, "झोपलेल्याला उठवलं तर उठून तो काय करेल ते सांगता येत नाही." दहा वर्षांची असताना मी पेन्सिलला टोक काढायला त्यातली पटाशी उचलली होती, तेव्हा तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडला नाहीत. माझ्या हातातून ती घेऊन पानावर ठेवलीत आणि तिची माफी मागितलीत. मार परवडला असता. त्या रात्रीपासून पूजेच्या खोलीसमोरून जाताना मी पाय न वाजवता जायला लागले.

आता तो दिवस. मी एकोणीस वर्षांची, नवमीची सकाळ, आणि आपल्याच पांढऱ्या गाडीचं ऑइल बदलायचं राहिलेलं. जुनं ऑइल तुम्ही काढलंत, नवा फिल्टर बसवलात आणि आईने हाक मारली म्हणून अंघोळीला गेलात. खाली बोल्ट लावून वरून नवीन ऑइल ओतायचं काम माझ्यावर सोपवलंत. मी गाडीखाली शिरले, वॉशर घातला, बोल्ट बोटांनी फिरेल तितका फिरवला आणि पाना घ्यायला हात लांब केला. पाना नव्हता. एकोणीस नंबरचा पाना आईने मघाशीच उचलून धुतला होता. केळीच्या पानावर, कुंकू लावून, तो झोपला होता. उठवायची माझी हिंमत झाली नाही. बोटांनी आणखी जोर लावला, चिंधी गुंडाळून लावला, नखं दुखेपर्यंत लावला. मनात म्हटलं, उद्या सकाळी पूजा झाली की पहिल्यांदा हेच. ऑइल ओतलं. तुम्ही ओल्या केसांनी दारात आलात आणि विचारलंत, "बोल्ट आवळलास की?"

मी म्हटलं, "हो."

खोटं बोलायचं कारण आज सांगायला गेले तर हसू येईल. आरती सुरू होत होती, नैवेद्याचं चण्याचं सुंडल गार होत होतं, आणि एवढं शिकून बोल्ट हाताने लावला हे तुमच्या तोंडासमोर सांगायची मला लाज वाटली. एवढंच. दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही बराच वेळ दिसला नाहीत, मग साबणाने दोनदा हात धुताना दिसलात. दुसऱ्या सकाळी आई पूजेच्या खोलीतून ओरडली, "ह्या पान्याचं कुंकू कोणी पुसलं?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मांजर गेली असेल." आपल्या घरात मांजर नव्हती. हे मला आज आठवतं आहे. तेव्हा माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण तुम्हाला पापनाशमला आत्याकडे जायचं होतं आणि त्याआधी मला गाडीखाली जायचं होतं. पण तुम्ही थांबला नाहीत. चाकांखाली लिंबं ठेवलीत, ती चिरडून गाडी बाहेर काढलीत आणि हात हलवलात. मी धावत फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी धरून गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

पापनाशमच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला, गाडी सावलीत नीट उभी केलेली सापडली. बॉनेट उघडं. तुम्ही बंपरला टेकून बसलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वेष्टीचा तुकडा. शेतातल्या माणसांना वाटलं तुम्ही काठी वाचताय, म्हणून बराच वेळ कुणी हाक मारली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. लोक म्हणाले इंजिन गेलं असणार, त्याचा धसका घेतला. मला मात्र माहीत होतं: बोल्ट गळून पडला, ऑइल रस्त्यावर सांडलं, लाल दिवा लागला, तुम्ही थांबून काठी ओढलीत, ती कोरडी निघाली आणि तुम्हाला कळलं की माझी मुलगी खोटं बोलली. तेच बघत तुम्ही गेलात. गाडी दोर लावून ओढत आणली. कुणीतरी काठी माझ्या हातात दिली. अप्पा, एकदा खाली बघायचं होतं फक्त. मी डोळे मिटले आणि चाचपडत ती नळीत परत घातली.

त्यानंतर त्या गाडीची काठी मी ओढलेली नाही. कॉलेजात पोरांना वर्षानुवर्षं इंजिन शिकवते, रोज सकाळी काठी बघा म्हणून दम देते, आणि माझ्याच शेडमधल्या गाडीजवळ जाऊन फक्त फडकं बघून परत येते. दरवर्षी गाडीखाली वर्तमानपत्रही पसरायची, थेंब पडला का बघायला. कागद नेहमी कोरडा. थेंब नाही तर मग ऑइल कधीच वाहून गेलं, असा अर्थ मी लावला. सोयीचा अर्थ शोधायला जावं लागतं, गैरसोयीचा आपणहून दारात येतो.

आज तुमची नात चेन्नईहून सुट्टीवर आलेली. गाडी चालू करायचीच म्हणून हट्ट. मी नको म्हणेपर्यंत तिने बॉनेट उघडलंही होतं. तिने काठी ओढली, पुसली, परत घातली, पुन्हा ओढली. मीच शिकवलं आहे तिला. आणि आडवी धरून उजेडात नेली. "अम्मा, इकडे ये," ती तमिळमध्ये म्हणाली, "वरच्या खुणेपर्यंत आहे. नवं आहे." मग तिने बोटांनी काठी चाचपली आणि हसू थांबलं. "कोमट आहे."

शेडमध्ये ऊन येत नाही, अप्पा. मीही हात लावला. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाली की असते तितकी.

मग ती गाडीखाली गेली, कारण माझीच मुलगी. बोल्ट हलेना. पान्याला पाइप लावून जोर केला तरी हलेना. टॉर्च मारून म्हणाली, "कुणीतरी मन लावून आवळलाय. आणि खाचेत लाल काय आहे, रंग?" मी जमिनीवर आडवी होऊन बघितलं. कुंकू. मग मी तिला कालव्याकाठची ती गोष्ट सांगितली, माझ्या खोट्यासकट नाही, फक्त गाडीची. ती सहज म्हणाली, "फिल्टर बदलला होता ना? मग थोडं चालवून, थांबून, पातळी परत बघतातच की." बघतातच. नवा फिल्टर ऑइल पितो. हे मला तुम्हीच शिकवलं होतंत.

म्हणजे तुम्ही त्याच दुपारी पाना उठवलात. आयुष्यात एकदाच, माझ्यासाठी. कुंकवासकट. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटलं मला सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं, राग आला. काठीला तुम्ही दोनदा विचारायचात, मला एकदाच विचारलंत आणि माझं खोटं तसंच ठेवून घेतलंत. संध्याकाळी पुन्हा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मी फाटकापर्यंत धावले होते, अप्पा.

हे कुठे पाठवणार. पाकीटही आणलेलं नाही. दुपारचे तीन वाजलेत, पोर माझ्यासमोर चटईवर झोपली आहे, कुलूप मीच लावलं आहे आणि किल्ली कमरेला टोचते आहे. सकाळी आवाज आला होता तो एकदाच, नेहमीसारखा. आणि आत्ता, ही ओळ लिहिताना, मागे शेडमध्ये काठी नळीतून पुन्हा वर आली. दुसऱ्यांदा. आता तुम्ही ती आडवी धरली असेल, श्वास रोखला असेल.

नाही, अप्पा. नव्हता आवळला.