मामंजी, पिवळी गाडी आणि फुजीचा ट्रॅक

ती. मियोको वन्संना,

गोतेंबाहून हारुएचा वाकून नमस्कार (तुम्ही समोर असता तर आणखी खाली वाकले असते, पत्रात कंबरेला तेवढीच सूट). तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींच्या रक्तदाब मोजायच्या नव्या यंत्रानं त्यांना घाबरवणं थांबवलं का? ओबिहिरोत बर्फ पडायला लागला असेल. तुम्ही पाठवलेले बटाटे पोचले, लाल चवळीही पोचली आणि खोक्यातलं पत्रही पोचलं. मामंजींना ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. फक्त "आबांची गाडी नववर्षाच्या आत विकून टाका" हे वाक्य आलं तेव्हा मला अचानक खोकला लागला.

गाडीबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, हे आधीच सांगते. लायसन्स परत केलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात तीन कार्ब्युरेटरची गाडी काय कामाची? तुमच्या सांगण्यावरून मामंजींनी वसंतात लायसन्स परत केलं आणि त्याबदल्यात बसच्या सवलतीचं कार्ड घेतलं. त्या कार्डाकडे ते असे बघतात, जणू कुणी घोडा घेऊन गाजर दिलंय. ते एकदाही बसमध्ये चढले नाहीत. मग हळूहळू जेवण कमी झालं. बातम्यांवर ओरडणंही थांबलं, आणि तेव्हा मात्र मी घाबरले. (तुमचे बंधू म्हणाले, "घरात शांतता आहे, बरं वाटतं." त्यांना कशातच काही दिसत नाही. मोटारीचं गॅरेज चालवणाऱ्या माणसाच्या पोटी, दोन वळणांत उलटी होणारा मुलगा जन्माला यावा, ही देवाची थट्टाच म्हणायची.)

तरीही तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी गिऱ्हाईक बोलावलं. थेट कॅलिफोर्नियाहून आलेला गृहस्थ होता, फार सभ्य. त्यानं बूट काढले आणि गाडीपुढे गुडघे टेकले. आमच्या देवळात पर्यटक वागतात त्याहून जास्त अदबीनं त्यानं बॉनेटच्या आत डोकावून बघितलं. इंजिनाचा कुठला भाग कंपनीनं कुठल्या साली बदलला, ते तो मलाच सांगायला लागला. तेवढ्यात मामंजी गाडीत जाऊन बसले आणि दोन्ही दारं आतून लावून घेतली. मी काचेवर टकटक केली, तर त्यांनी खिशातून भाताची ओनिगिरी काढून खायला सुरुवात केली. गृहस्थानं तीन कप चहा पिऊन वाट पाहिली, शेवटी बंद काचेला नमस्कार केला आणि म्हणाला, "यांच्यासकट विकणार असाल तरच कळवा." सांगा वन्सं, मी काय कळवणार?

त्याच आठवड्यात सेगावाकाकांचा फोन आला. (तेच, न्हाव्याचं दुकानवाले. जुन्या फुजी ट्रॅकच्या तिरक्या वळणावर, पावसातल्या शर्यतीत, आपण तोकुजीला, म्हणजे मामंजींना, मागे टाकलं, हे ज्यांनी निम्म्या गावाला दाढी करता करता ऐकवलंय. वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाईक नाही कसं म्हणणार?) फुजीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची आणि जुन्या चालकांची मिरवणूक होती. मामंजींना आमंत्रण होतं. काकांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता: "तोकुजी, तू आपला ट्रकवर लादून आण हो गाडी! मी माझी स्वतः चालवत आणतोय!"

मामंजींनी फोन ठेवला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हारुए, तुझं लायसन्स कुठलं?"

"ऑटोमॅटिकचं," मी म्हटलं.

"अरेरे," मामंजी म्हणाले. माझ्या माहेरी कुणी गेलं असतं तरी त्यांनी इतक्या दुःखानं म्हटलं नसतं.

तर वन्सं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी गिअरच्या गाडीचं लायसन्स काढायला शाळेत गेले. सकाळी शाळा आणि दुपारी घरी मामंजी. स्वयंपाकघरातली खुर्ची म्हणजे सीट. भाताच्या भांड्याचं झाकण क्लच, लोणच्यावर ठेवायचा दगड ब्रेक आणि माझी एक सपात अॅक्सिलरेटर. उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक आणि त्याच पायाच्या टाचेनं अॅक्सिलरेटर, एकाच वेळी! मी म्हटलं, मामंजी, मला दोनच पाय आहेत. ते म्हणाले, "म्हणूनच एकाकडून दोन कामं करून घ्यायची. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, तुला हे कळायला हवं." त्या दिवशी ते दोन वाट्या भात जेवले. तुमचे बंधू नुसती खुर्ची बघूनच फिकट पडले आणि आत जाऊन झोपले.

मिरवणुकीच्या सकाळी मी ती पिवळी गाडी रस्त्यावर काढली आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घरात इतकी वर्षं काय उभं होतं. आमच्या रोजच्या गाडीला 'जा' म्हटलं की ती जाते, बिचारी. हिला आधी पटवावं लागतं. एकदा पटलं की सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात गायला लागतात आणि तो सूर पाठीच्या कण्यातून वर चढतो. मामंजी शेजारी डोळे मिटून बसले होते आणि नुसत्या आवाजावरून "आता चौथा... उशीर केलास... हं, आता बरोबर" असं म्हणत होते. शहराच्या चौकात ती माझ्या हातून बंद पडली. मागे पर्यटकांच्या बसगाड्या खोळंबल्या. एक पोलीस ताडताड चालत आला. मी दंडाच्या तयारीनं पाकीट काढलं, तर तो खिडकीत वाकून म्हणाला, "पुन्हा चालू करताना जरा जोरात करा ना. माझ्या वडिलांना हिच्यासारखी घ्यायची होती, जमलं नाही." मी केलं. तो टोपी काढून उभा राहिला.

ट्रॅकवर मामंजींनी जुना शर्यतीचा पोशाख चढवला. तो त्यांना केवढा तरी सैल झाला होता. ट्रॅकवर लायसन्स लागत नाही, म्हणून मिरवणुकीच्या रांगेत गाडी त्यांनी स्वतः घेतली. मी शेजारी बसले. पण रांग थांबत थांबत सरकत होती, आणि हिचा क्लच लोखंडी गेटसारखा जड. त्यांचा डावा पाय थरथरायला लागलेला मला दिसला. गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. आजूबाजूचे सगळे जुने चालक एकदम आकाशाकडे बघायला लागले, फुजीसानचा डोंगर आज किती स्वच्छ दिसतोय वगैरे. (दिसत नव्हता. ढग होते.) मामंजी समोर बघत हळूच म्हणाले, "हारुए, जागा बदल." वन्सं, तुमच्या आईच्या अंत्यसंस्कारालाही मी त्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं.

मी चालवली. पहिलं वळण, दुसरं वळण, पुढे सेगावाकाकांची निळी गाडी. जुन्या तिरक्या वळणाचा राखून ठेवलेला तुकडा लांबून दिसला तेव्हा मामंजींनी पोशाखाचं वरचं बटण लावलं. मग तो लांबलचक सरळ रस्ता आला. मिरवणुकीत कुणी कुणाला ओलांडायचं नाही, हे आम्हाला दोनदा बजावलं होतं. मामंजी काहीतरी म्हणाले. ते म्हणतात, "दमानं." मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं, "दाब ना!" मी दाबला.

काकांची निळी गाडी मागे गेली. पुढचं वाहनही मागे गेलं. ते आयोजकांचं होतं. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मामंजी हसत होते! मी सून म्हणून त्यांच्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

नंतर आयोजकांपुढे आम्ही दोघं बराच वेळ वाकून उभे होतो. सेगावाकाका तणतणत आले. "तोकुजी, तू नाही मला मागे टाकलंस! तुझ्या सुनेनं टाकलं!"

"घरचंच माणूस आहे," मामंजी म्हणाले.

मग तिघं करी-भात खायला बसलो. काका बराच वेळ चमचा फिरवत राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, त्या पावसात मी याला मागे टाकलं नव्हतं. माझी गाडी घसरत होती. यानं अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, नाहीतर मी आज दाढ्या करत नसतो."

"काहीतरीच," मामंजी ताटातून वर न बघता म्हणाले. "माझे ब्रेक गेले होते. तू जिंकलास. जेव गप."

दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि दोघांपैकी एक तर नक्कीच बोलत होता. काकांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग तोच रुमाल मामंजींना दिला.

असो. गाडीचं काय करायचं ते तुम्ही मोठ्या, तुम्ही ठरवाल तसं. आम्ही शब्दाबाहेर नाही. भावोजींना नमस्कार.

तुमची,
हारुए

ता. क. १: गाडी आता मामंजींच्या नावावर नाही, त्यामुळे तुमची काळजी मिटली. माझ्या नावावर केली आहे.

ता. क. २: फेब्रुवारीत तुमच्याकडच्या गोठलेल्या तळ्यावर बर्फातली शर्यत असते. बायकांच्या गटात माझं नाव दिलंय. मामंजी, मी आणि सेगावाकाका तुमच्याकडेच उतरू. भावोजींची गाडी चार दिवस बाहेर ठेवून शेड रिकामी करता येईल का? तुमच्या भावाला आम्ही बर्फाचे पुतळे बघायला जातोय असं सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या.

ता. क. ३: हे पत्र मामंजींनी वाचलं. त्यांनी विचारलंय की बायकांच्या गटात सोबत बसणारा पुरुष चालतो का, ते तुम्ही आयोजकांना विचारून कळवा. आणि नाही चालत म्हणाले, तर तुम्हीच माझ्या शेजारी बसा. ते म्हणतात, लहानपणी मियोको त्यांच्याहून जास्त वेगानं सायकल मारायची.