आमचं दार अजून अडकलेलं नाही

युनोसावा,
१९ जानेवारी, दुपार

तीर्थरूप तोमिको वन्सं यांस,

खिडकीच्या वरच्या काचेपर्यंत चढलेल्या बर्फाच्या आतून फुमिएचा वाकून नमस्कार पोचावा. तुमचा खोकला कसा आहे? तिकडे समुद्राकाठी ऊन पडतं आणि तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसता, हे मागच्या पत्रात वाचून बरं वाटलं (आणि खरं सांगते, थोडा रागही आला). संत्र्यांची पेटी पोचली. वरचा थर फार गोड होता. खालच्या थराबद्दल काही सांगता येत नाही, कारण पेटी यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावांनी, आपल्या रजईशेजारी ओढून घेतली आणि चारच दिवसांत ती रिकामी झाली. आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे या घडीला तरी डोक्यावर छप्पर आहे.

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. फोन यांच्या कोपराशी असतो, वन्सं. कुणाचाही फोन आला तरी हे आधी ऐकतात आणि मग मला देतात. हे पत्र मी स्वयंपाकघरात मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर पाट ठेवून लिहिते आहे. पलीकडच्या खोलीत हे आळीची फिरती फाईल मांडीवर घेऊन सकाळपासून बसलेत. त्यातलं एक पान त्यांना भरायचं आहे. संध्याकाळी पाचच्या आत ती फाईल पुढच्या घरी गेली पाहिजे. उद्या रात्रीपासून आणखी दोन फूट बर्फ पडणार असं रेडिओ सांगतो. माझा जीव त्या पानात अडकलाय, म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय, माफ करा.

तर सुरुवातीपासून सांगते. तुम्ही लग्न होऊन गेलात त्याला साठ वर्षं झाली, पण आपल्या घरातली एक गोष्ट तुम्ही विसरला नसाल. छपरावर बर्फ किती झाला हे आपल्याकडे वर बघून ठरवत नाहीत, देव्हाऱ्याच्या खोलीचं सरकतं दार बघून ठरवतात. बर्फ वाढला की तुळई दबते, तुळई दबली की दार खाचेत अडकतं, आणि दार अडकलं की घरातला पुरुष शिडी काढतो. मामंजींचा नियम. यांनी तो चाळीस वर्षं पाळला, आणि दर वर्षी खाली उतरल्यावर असे काही चहा मागायचे की जणू डोंगर हलवून आलेत.

आता नोव्हेंबरात काय झालं ते (तुम्हाला अजिबात कळवायचं नाही असं बजावलंय, म्हणून कळवते). न्हाणीघरातून बाहेर येताना हे भिंतीला धरून सावकाश खाली बसले आणि दहा मिनिटं उठलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, फरशी किती गार पडते ते बघतोय. तीस वर्षं नगर कचेरीत बर्फ मोजलेला माणूस, म्हटलं, असेल बाई. पण त्या दिवसापासून मी ठरवलं की यंदा यांना वर जाऊ द्यायचं नाही. सांगून ऐकणारे हे नव्हेत. म्हणून रोज सकाळी हे फाटकापर्यंतची वाट उपसायला बाहेर पडले की मी मामंजींचा फोटो ठेवलेल्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती घेऊन दाराच्या खाचेत घासत असे. दार अडकलंच नाही तर शिडी निघणार नाही, इतका साधा हिशोब. वर बर्फ साठतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं, आज ऊन पडेल. हा वेडेपणा आहे हेही कळत होतं, पण विधवा होण्यापेक्षा वेडं होणं मला सोपं वाटलं.

आणि दार पळायचं हो! पंधरा दिवसांत इतकं सुरेख सरकायला लागलं की मलाच शंका यायला हवी होती. हे रोज बोटाने दार ढकलून दाखवायचे, म्हणायचे, "बघ, यंदाचा बर्फ हलका आहे. कापूस नुसता." मीही मान डोलवायचे. एकदा यांनी मेणबत्त्या एवढ्या कशा संपतात असं विचारलं. मी म्हटलं, मामंजींची फार आठवण येते हल्ली. (मामंजी मला शेवटपर्यंत "ती खालच्या गावची" म्हणायचे, हे यांना चांगलं ठाऊक आहे. तरी काही बोलले नाहीत. तिथेही मला शंका यायला हवी होती.) आणि बंबाशेजारच्या टोपलीत लाकडाचा पांढरा कुरळा कीस कुठून येतो, हे मी विचारलं नाही. फुकटचं जळण मिळतंय, कशाला विचारा?

काल सकाळी आळीप्रमुख इगाराशी भावजी फिरती फाईल घेऊन आले. आले की आधी मामंजींसमोर उदबत्ती लावायची त्यांची रीत. जानेवारीत कुणाच्याही घरचं दार जितक्या जोराने ओढावं लागतं तितक्या जोराने त्यांनी आमचं ओढलं. दार खाचेतून सुटलं आणि भावजी त्याला कवटाळून थेट देव्हाऱ्यापर्यंत घसरत गेले. तिथे मामंजींच्या फोटोसमोर दार मिठीत घेऊन उभे राहिले. दाराची खालची कड वर आली होती आणि तिच्यावर रंध्याचे ताजे, पांढरेशुभ्र पट्टे होते. मी त्या कडेकडे बघत होते. हे उंबरठ्यावरच्या मेणाच्या थराकडे बघत होते. कुणी काही बोलायच्या आतच वर तुळई करकरली. आधी लांब, मग एकदा तुटक. छतातून धूळ पडली ती माझ्या चहात.

भावजींचा चेहराच उतरला. "वहिनी, चला. सगळे बाहेर. आत्ता."

बाहेर येऊन छप्पर बघितलं. वर पुरुषभर बर्फ होता, वळचणीवरून पुढे झुकलेला. आणि हे शिडी घेऊन आले, भिंतीला लावली. मी शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसले. घरातल्या चपला घालून, बर्फात.

"फुमिए, ऊठ."

"नाही उठणार. आधी सांगा, दार का तासलंत?"

"आणि तू मेण का फासलंस?"

"तुम्ही वर जाऊ नये म्हणून."

यांनी शिडीवरचा हात काढला. मग भावजींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू (भावजी दोन हात अंतरावर उभे होते आणि खांबावरच्या कावळ्याकडे फार मन लावून बघत होते) म्हणाले, "मी पण त्यासाठीच."

वन्सं, गेल्या हिवाळ्यात हे वर गेले तेव्हा पाय कापायला लागले म्हणे, उतरताच येईना. अर्धा तास छपराच्या कडेवर बसून राहिले. मी खालून चहाला हाक मारली होती, तर म्हणाले होते, जरा डोंगर बघतोय. मी चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा चिडले. हे आठवलं आणि मला त्या शिडीवरच रडू फुटलं.

भावजींनी शेडमधून खांब आणून तुळईला तीन टेकू लावून दिले. एक आमच्या शेगडीवरच्या, रजई घातलेल्या टेबलाला अगदी खेटून आहे, त्यामुळे चहा पिताना एकमेकांचं तोंड दिसायला दोघांनाही बाजूला वाकावं लागतं. टेकू दोन दिवस तग धरतील, पुढचा बर्फ नाही धरणार, असं भावजी स्पष्ट म्हणाले. फाईलमध्ये मदतीची यादी आहे. आज नाव दिलं तर उद्या सकाळी अग्निशामक दलाची माणसं येऊन छप्पर मोकळं करतील. पण ती यादी आहे "पंच्याहत्तर वर्षांवरील अशक्त कुटुंबां"ची. हा पंच्याहत्तरचा नियम कचेरीत कुणी केला? यांनीच. पन्नाशीत केला, तेव्हा पंच्याहत्तर म्हणजे कुणीतरी दुसराच माणूस असं वाटलं असणार. खांबावरच्या भोंग्यातून बावीस हिवाळे यांनीच सगळ्या गावाला बजावलं, म्हाताऱ्यांनी वर चढू नये, यादीत नाव द्यावं. आता हे शहात्तरचे आहेत आणि "अशक्त" या शब्दावर पेन टेकवत नाहीत. मीच भरलं असतं, पण सहीच्या जागी लागणारा घराचा शिक्का यांच्या बनियनच्या खिशात आहे.

मघाशी तुळई पुन्हा एकदा वाजली. पत्र आता आवरतं घेते. खोकल्याला आल्याचा रस घ्या.

तुमची,
फुमिए

ता. क. खरं काम हे की, मूळ पत्रापेक्षा हे नीट वाचा. सासूबाई गेल्यावर तुम्ही यांना पाठीवर घेऊन वाढवलंत. जगात यांना कुणाचा धाक असेल तर तुमचा. हे पत्र जलद टपालाने सकाळी तुमच्या हाती पडेल. आज पाचच्या आत यांचं झालं नाही, तर भावजी उद्या दुपारपर्यंत नाव घ्यायला तयार आहेत. पडताक्षणी यांना फोन करा आणि सही करायला सांगा. रागवा. मी कळवलं असं मात्र म्हणू नका. मामंजी स्वप्नात आले म्हणा.

ता. क. दुसरा. फोन करू नका! पाकीट चिकटवायला उठले तर हे फाईल ओट्यावर ठेवून पुढच्या दारी बूट घालत होते. मी पान उघडलं. शिक्का उमटलाय. पण अर्जदाराच्या जागी नाव माझं आहे, वय एकाहत्तर, सोबत विशेष मंजुरीची विनंती. आणि कारणाच्या रकान्यात कचेरीतल्या त्या सुंदर अक्षरात लिहिलंय: "पत्नीची कंबर धरल्यामुळे ती अंथरुणाला खिळून आहे. तिला एकटीला सोडून पतीस छपरावर जाता येत नाही."

वन्सं, माझी कंबर ठणठणीत आहे. पण उद्या सकाळी दलाची सात माणसं येणार. तेव्हा आता मी अंथरूण घालते, आणि बर्फ वितळेपर्यंत चारचौघांत वाकून चालेन. तुम्ही फक्त एवढं करा, पुढच्या पत्रात माझ्या कंबरेची चौकशी करा. यांनाही वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात.