लंगड्या स्टुलाचा अभ्यास

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घातला असं समजा. वाकलं की पाठ भरून येते, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी साखर बंद केली आहे असं कळलं, त्यामुळे बाकी खुशाली विचारत नाही. आई बरी आहे, म्हणजे सकाळपासून दोनदा माझ्यावर ओरडून झालं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत मी इतकी वर्षं ढग रंगवते. पुढची पात्रं इतरांची, मागचे ढग माझे. तर आता आमच्या नव्या चित्रपटाचा नायक आहे एक लंगडं स्टूल, आणि दिग्दर्शकांनी (त्यांना आम्ही मागून 'भिंग' म्हणतो) फर्मान काढलं की मनाने काही काढायचं नाही, घरातल्या वस्तू डोळे फाडून बघा आणि मगच पेन्सिल उचला. कोणी किटली घेतली, कोणी छत्री. मी आपलं घरचं स्टूल धरलं. आजोबांनी दोन केली होती, तुमचं सरळ निघालं आणि आईचं लंगडं. 'मुलाला धड दिलं, मला उरल्यासुरल्या लाकडाचं' म्हणून आई आजोबांवर जन्मभर रुसून आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार! दर भेटीत त्यावरून तिला डिवचता तुम्हीच.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलासमोर मी जमिनीवर बैठक मारली. आईला दिवसभर त्यावर उठबस करायला लावली. वजन पडलं की ते आधी डावीकडे कलतं, थबकतं, मग टक् करून विचार बदलतं. चित्रं बघून भिंग इतके खूश झाले की म्हणाले, येत्या सोमवारी स्टूल सगळ्यांसमोर चालवून दाखवा, नायक तुमचा. मामा, मला रडूच आलं. ढगांतून खाली उतरायची ही माझी पहिलीच संधी.

तालमीसाठी स्टूल स्टुडिओत नेलं, तर ते ढिम्म हलेना. मी बसले, उठले, आदळले, पण ते आपलं ताठ. नेताना सांधे बसले असतील असं वाटून घरी आणून दारातच करवत घेतली. एक पाय कणभर कापला, तर लंगडायचं सोडून ते झिंगायलाच लागलं. दुसरा कापला, तरी झिंगणं संपेना. मग तिसरा, मग चौथा, की पुन्हा ताठ. मग परत पहिल्यापासून. लोणी वाटणाऱ्या माकडासारखं माझं चाललं होतं. शेवटी माझ्यापुढे एक सुरेख पाट उरला. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "चला, एका भावंडाचं तरी शाबूत आहे."

असो. सहज आठवण आली म्हणून लिहिलं, काम काही नाही. मामींना नमस्कार.

तुमची,
ढगातली भाची

ता. क. : काम आहे. हे पत्र आणणारा टेम्पोवाला दारात थांबला असेल, त्याच्याकडे तुमचं स्टूल देऊन टाका. माझा नायक त्यावर अवलंबून आहे.

आणखी ता. क. : तुमचं लंगडत नाही याची काळजी नको. आज सकाळी त्या रिकाम्या कोपऱ्यात आईने खुर्ची ठेवली. तीही आधी डावीकडे कलली, थबकली आणि टक्. खालची फरशी हलते आहे मामा, बहुधा माझ्या जन्माआधीपासून. मी इतके दिवस डोळे फाडून बघत होते ते फक्त स्टुलाकडे. (हे भिंगांच्या कानावर जाऊ नये. फरशी उचकटून मी गुपचूप सोबत नेणार आहे.) आईने त्या खुर्चीवर पुन्हा पुन्हा उठबस करून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी दोन्ही सारखीच केली होती." तिचे डोळे भरून आले, आणि माझेही.

शेवटचं ता. क. : आई आता डोळे पुसून शेजारी उभी आहे आणि लिही म्हणते की, स्टूल परत येईल या भ्रमात राहू नका. इतकी वर्षं धड स्टुलावर बसून तिला हसलात, आता तिची पाळी. तुम्हाला बसायला आमचं त्याच टेम्पोतून पाठवलं आहे. तुमच्या गुडघ्याला जरा खाली पडेल, पण लंगडत नाही.