परसातल्या चुलीची निरवानिरव

मी, कडूबाई आबासाहेब गाडेकर, वय वर्षे शहात्तर, राहणार पुणतांबा, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला साखरेचा आजार आहे आणि उजव्या कानाने कमी ऐकू येते. बाकी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोडीगुलाबीही केलेली नाही. माझ्या मागे पोरांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. शेतजमिनीची वाटणी माझे पती कै. आबासाहेब यांनी हयातीतच केली. सातबारे ज्याच्या त्याच्या नावावर आहेत. बांधावरून भांडायचे असेल तर माझे नाव घेऊन भांडू नये.

२. राहते घर माझ्या नावावर आहे. ते थोरला मुलगा भागवत आणि धाकटा मुलगा अमृत यांना समसमान द्यावे. पोस्टातली शिल्लक मुलगी ज्ञानेश्वरी हिची. पाटल्या थोरल्या सुनेच्या, बोरमाळ धाकटी सून जया हिची. थोरलीला बोरमाळ हवी होती हे मला माहीत आहे. हवी असलेली प्रत्येक गोष्ट मिळाली तर माणूस बिघडते.

३. माझा पाटा-वरवंटा जाऊबाई छबूबाई यांच्याकडे आहे. लग्नसराईत नेला, तो आणलाच नाही. तो आता त्यांच्याकडेच राहू द्यावा. मात्र माझ्या दहाव्याला येऊन त्या "कडूबाई लई गुनाची हुती" असे म्हणू लागल्या, तर कोणी मान डोलावू नये.

४. आता परसातले पत्र्याचे छप्पर आणि त्यातली चूल. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भांडण इथेच आहे.

आमचे घर माळकऱ्यांचे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे मटणाचे भांडे कधी उंबऱ्याच्या आत आले नाही. खाणाऱ्यांनी छपरातच शिजवायचे, तिथेच जेवायचे आणि चूळ भरून, हातपाय धुऊन मग घरात यायचे. यात कोणाला कमीपणा वाटत नसे आणि कोणी कोणाला उपदेशही करत नसे.

माझे पती शेतीला लागण्यापूर्वी नगरला लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथून त्यांनी एक पदार्थ घरी आणला. बोकडाचा खिमा कांदा, आले-लसूण आणि आपल्या काळ्या मसाल्यात परतायचा. तिकडे त्यात दुधात भिजवलेला पाव घालत. आमच्याकडे पाव कुठला, म्हणून शिळी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून घातली. थोडा चिंचेचा कोळ. मग जाड बुडाच्या पातेल्यात तो दाबून थापायचा, वरून दुधात फेटलेली अंडी ओतायची. भट्टी नव्हती, म्हणून पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरचे अंडे तांबूस होऊन कडा सुटल्या की झाले. जयाला हे सगळे येते, पण तिला दम धरवत नाही. ती मधेच झाकण उघडून बघते आणि अंडे बसते. हे तिला तोंडी पुष्कळदा सांगितले, आता लेखी सांगते.

पुढे पतींनीही माळ घातली. मी विचारले, आता झाकणावर निखारे कोण सारणार? ते म्हणाले, "खायाचं सोडलंय म्या. जाळ घालायचं न्हाई सोडलं." मरेपर्यंत ते चुलीपुढे बसून निखारे सारत राहिले आणि आम्ही जेवायला बसलो की उठून घरात जात. हा माणूस मला फार आवडत असे. हे लिहायची दुसरीकडे कुठे सोय नव्हती, म्हणून इथे लिहिते.

वडिलांच्या मागे भागवतने माळ घेतली. त्याचा मला आनंद आहे. पण गेल्या आखाडात खिमा चुलीवर असताना तो परसात आला आणि म्हणाला, "आई, तू हायेस तवर चालू दे. तुझ्या मागं ही चूल म्या ठेवायचो न्हाई. हितं तुळस लावीन." अमृत हातातले ताट खाली ठेवून म्हणाला, "मंग आमीबी येगळं व्हतो. घरातली चूलबी येगळी." जया रडली. खिमा करपला, तो कुत्र्यांना घातला. दोन्ही पोरे मनाने वाईट नाहीत, आणि बोलले ते करणारी आहेत. मला याचे फार वाईट वाटते.

म्हणून छप्पर, चूल आणि त्याखालची जागा मी भागवतला देत आहे. वाचणाऱ्याला हे उलटे वाटेल. पण दुसऱ्याची वस्तू मोडायला हात शिवशिवतात, आपली मोडताना माणूस एकदा तरी थांबतो. पातेले, झाकण आणि चिमटा जयाचा. म्हणजे भांडे एकीकडे आणि चूल एकीकडे. खिमा करायचा तर जयाला थोरल्या दिराकडे विचारायला जावे लागेल आणि त्याला हो किंवा नाही म्हणावे लागेल. अट कसलीही घातलेली नाही. अटीवर टिकवलेली चूल कोर्टात जाते.

५. दहावा गोदावरीच्या घाटावर करावा. पिंडाशेजारी मेलेल्याच्या आवडीचे ठेवतात. माझ्या आवडीचे काय ते सर्वांना ठाऊक आहे, पण ते ठेवू नये. विधी भागवत करील, त्याच्या गळ्यात माळ आहे. चार लोकांत त्याला अवघड करणे आईला शोभत नाही. साधा वरणभात ठेवावा.

कावळा शिवला नाही, तर लोक सोन्यानाण्याचे, लेकीबाळींचे अंदाज बांधतील. त्यात वेळ घालवू नये. भागवतने पुढे व्हावे आणि अमृतला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावे, "आई, चूल मोडनार न्हाई." पण मनात नसेल तर म्हणू नये. अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तसा लावावा आणि सर्वांनी घरी जावे. मी उपाशी राहीन, पण पोराच्या खोट्या शब्दावर जेवणार नाही.

हे मी लिहिले, पुन्हा वाचले आणि खालील दोघांसमोर सही केली.

(सही) कडूबाई आबासाहेब गाडेकर

साक्षीदार:
१. (सही) अजिनाथ कारभारी थेटे, पुणतांबा
२. (सही) आदिनाथ काकासाहेब बोरकर, राहाता

स्थळ: पुणतांबा
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५