बुरशीचे घड

पलूस, ११ मे २०२५

चि. क्रांतीस आबांचे अ. आ.

तुझा खोकला बसला का? टाचेची भेग भरली का? तुझ्या खोलीतली फलटणची जीनत, तिची पाठ कशी हाय? तुझ्या आजीचे गुडघे कुरकुरतात, माझी कंबर धरलीय. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली, पण यंदा हात लवकर थकतात गं.

ऊन लख्ख आणि समुद्रावरनं वारं गार, असल्या मुलखात तू तोडतेस ती रिझलिंग जातीची द्राक्षं पिकतात हे मला अजून खरं वाटत न्हाई. वाईन का होईना, बाग ती बाग. बुरशी दिसली की घड काढून टाकायचा, वाट बघायची न्हाई. हा घरचा धडा.

तुझी काकी या कागदाचा फोटो धाडतेय. तूही कागदावरच लिही, मोबाईलची अक्षरं मला परकी वाटतात.

तुझा, आबा

नेल्सन, न्यूझीलंड, १३ मे

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा तो धडा मी गिरवून बसले होते. बागेत शेवटच्या दोन ओळी तोडायच्या राहिल्या होत्या. सुरकुतलेले, राखाडी बुरशी चढलेले घड. बघवेना. रविवारी एकटीच गेले, कात्री चालवली, सगळं चरीत फेकलं. वाटलं, मालक शाबासकी देईल.

सोमवारी कळलं, ते मुद्दाम राखले होते. त्या बुरशीनं मण्यातलं पाणी आटतं, गोडी उरते, त्याची मधासारखी वाईन होते. मालकानं विचारलं, कुणी केलं? माझी जीभ उचलेना. त्या ओळी जीनतच्या वाट्याच्या, आळ तिच्यावर गेला. शुक्रवारी तिला काढणार आहेत. ती नुसती सामान आवरतेय. मी काय करू?

आपली, क्रांती

पलूस, १४ मे

चि. क्रांतीस आशीर्वाद.

आयुष्य बेदाण्याच्या शेडवर गेलं. सुकल्याबिगर गोडी न्हाई हे मला ठाऊक, पण बुरशीत गोडी असती हे माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. हात सवयीनं चालला, त्यात निम्मी चूक माझी. गप्प बसलीस, ते मात्र आपल्या घरचं न्हाई. हे वाचून झालं की उठायचं आणि मालकाकडं जायचं. काम गेलं तर गेलं. आजी म्हणते, पोरीला सांगा, आपली चूल काय विझली न्हाई.

आबा

नेल्सन, १७ मे

ती. आबांस नमस्कार.

सांगितलं. मालकानं माझी कात्री काढून घेतली. आता मला बागेत जायचं नाही, महिनाअखेरपर्यंत टाक्या धुवायच्या. पुढच्या हंगामाला बोलावणं नाही. जीनत राहिली. तिनं एवढंच विचारलं, की चार दिवस माझ्याशेजारी बसून घास कसा गिळलास गं? आज दुपारी मात्र तिनं माझ्या डब्यात अर्धी चपाती टाकली.

काय फेकलं ते कळावं म्हणून मालकानं गेल्या सालची ती वाईन घोटभर चाखायला दिली. आबा, आपल्या शेडचा वास आला, बेदाणा उतरवतानाचा. उभ्याउभ्याच रडले.

जूनमध्ये येते. हात लय दुखतात. आजीचे गुडघे आणि तुमची कंबर कशी आहे, ते लगेच लिहा. कागदावरच.

तुमची, क्रांती