वेणूचा ण

दादूस,

उद्या माझा इंटरव्ह्यू आहे! न्हावा शेव्याला, कंटेनरच्या ऑफिसात, टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी! तुझं जहाज आत्ता कुठल्या समुद्रात आहे कोण जाणे, म्हणून हे पत्र पोस्टात टाकता येत नाही. पण तुला सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

टायपिंग क्लासातली गीतांजली माझी तयारी करून घेतेय. ती म्हणाली, "बाकी सगळं झकास, फक्त तुझा ण सुधार. फोनवर 'पानी' चालणार नाही." म्हणून सकाळपासून मी ण घोटतेय. आयकडे "पाणी दे" म्हणून मागितलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "अशी का गो बोलतंस? ताप हाय का?" मग गीतांजलीपुढे जोशात उभी राहिले आणि म्हणाले, "णमस्कार, माझं णाव वेणू!" हसून हसून आमची पोटं दुखली.

आता जमतंय. उद्या अगदी ठणठणीत 'वेणू' सांगेन.

मला नोकरी लागली आणि तुझं जहाज इथं लागलं, की धक्क्यावरून आमच्या ऑफिसात फोन कर. पण नेहमीसारखं "गो वेनू" म्हण हं. 'वेणू' म्हणालास, तर 'राँग नंबर' सांगून फोन ठेवून देईन.

तुझी धाकटी बहीण,
वेनू