बाबा परत आल्यावर

३ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

बाबा परत आलेत. इतक्या वर्षांनी, हातात एक पिशवी, छातीत दमा. आईनं दार उघडलं, चहा टाकला, जणू कोपऱ्यावर भाजी आणायला गेले होते. झालं गेलं विसरायचं, असं मी ठरवलंय. दुकानात पडदे शिवून मान मोडते, घरी पुन्हा भांडण नको. रविवारी ये. तुझं नेहमीचं एरंडेल प्यायलेलं तोंड मात्र तिकडेच ठेवून ये!

जिवाला जप, हे दर वेळचंच.

तुझा दादा

१० जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, घडी घातली आणि जेवायला बसले. काहीच वाटलं नाही. दिवसभर तक्रारींच्या फोनवर ‘तुमचा त्रास समजतो’ म्हणत असते; सगळं समजणं तिथंच संपत असावं. बाबा घर सोडून गेले तेव्हाही मी रडले नव्हते. पोर शहाणी आहे, असं आत्या म्हणाली होती. शहाणी की दगड, कुणास ठाऊक.

येते. आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकी

२४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

त्या रविवारी मी किती छान वागले! बाबांच्या पाठीला उशी दिली. पोरीनं मनात काही ठेवलं नाही, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. परतताना बसमध्ये दात ठणकायला लागले, इतके आवळून धरले होते. मग आठवडाभर अन्न जाईना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, शरीरात काही नाही, कुणावर चिडलायत का? मी ‘छे’ म्हटलं आणि तिथंच रडू फुटलं.

दादा, मला राग आलाय. ‘मी गेल्यावर तुमचं कसं झालं?’ एवढं एकदाही विचारलं नाही त्यांनी. आजारी माणसावर कसला राग, असं तू म्हणशील. पण तो खरा आहे आणि माझा आहे. त्याला मी हाकलणार नाही. सध्या घरी येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस; वाटलंच, तर तेही चालेल.

तरीही तुझीच,
ठकी

२ जुलै

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. चिडेल असं वाटलं होतं. म्हणाली, विसरायचं ते तू ठरवलंस, मला कुणी विचारलं? मग मी विचारलं. हातातली चादर नीट झटकून ती म्हणाली, मला ते इथं नकोत.

काल बाबांना आत्याकडे पोचवलं. औषधांचं मी बघेन. मला काय वाटतंय, ते अजून उमगत नाही. थकलोय, एवढं नक्की. आई मात्र आज भरदुपारी झोपली. चक्क घोरत होती.

तुला यावंसं वाटलं तरच ये.

दादा